छोट्या सवयींनी ताण खरंच कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये काम करता, डोक्यावर कायम ताण असतो, आणि रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या सवयींनी काही फरक पडतो का, त्या टिकत का नाहीत, असं विचारलंय. फरक पडतो. ताणाचं कारण जात नाही, पण माणूस भानावर राहतो.

मी नाशिकजवळ मखमलाबादला द्राक्षबाग करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली आणि वरून पाऊस लागला, की डावणी (वेलीवरचा बुरशीचा रोग) आणि घडकुजीच्या भीतीने जीव टांगणीला लागतो. एका वर्षी मी रात्री दोन-दोन वाजता उठून मोबाइलवर ढग बघायचो. पाऊस थांबला नाहीच, वर सकाळी डोकं बधिर. मजुरांवर खेकसायचो. एकदा तर फवारणीच्या ड्रममध्ये तेच औषध दोनदा ओतलं गेलं. सगळा ड्रम वाया. बायको म्हणाली, "आज तुम्ही झोपा, बाग मी बघते."

निर्यातीच्या मालासाठी फवारणीची वही ठेवावीच लागते: औषध, मात्रा, तारीख. रात्री ती लिहून झाली की मी खाली दोन ओळी जास्तीच्या लिहायला लागलो. "पश्चिमेच्या चार ओळींत डाग दिसले. सकाळी पानं उलटून बघणे." एवढंच. कागदावर उतरलं की मन तेच तेच उगाळत बसत नाही. वही मिटली की मोबाइल ओट्यावर चार्जिंगला, उशाशी नाही.

दुसरी सवय ड्रम भरेपर्यंतची. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे सावकाश बाहेर. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीराचंच काम आहे, त्याला श्रद्धा लागत नाही. तुम्ही हे पंचिंगच्या रांगेत उभ्या उभ्या करू शकता.

टिकत नाही म्हणता, तर 21 दिवसांत सवय लागते हा हिशोब आधी सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मला यातलं शेवटचंच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण आपण एक खाडा पडला की सगळं सोडून देतो. वेगळा वेळ काढायला जाऊ नका. रोज न चुकता होणाऱ्या कामालाच ती सवय बांधा. माझ्याकडे वही होती, तुमच्याकडे डबा असेल, गाडी असेल. आणि एका वेळी एकच.

मात्र आठवडे-आठवडे झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वही-श्वासावर विसंबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आज रात्रीही लावू शकता.