सायबर चार्टर शाळेत घालायच्या आधी गणिताचे तास विचारा

ताई, तुम्ही विचारलंय की पेनसिल्व्हेनियात मुलगा सातवीत आहे, वर्गातली मुलं त्रास देतात, तुम्ही दोघंही नोकरीला, तर सायबर चार्टरला, म्हणजे घरी बसून ऑनलाइन शिकायच्या शाळेला, घालू का. माझी मुलगी दोन वर्षं अशा शाळेत होती म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फी नाही, शाळा सरकारी पैशावर चालते, लॅपटॉप घरपोच येतो, हे सगळं खरंय. पण गणिताचं काय? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या शिक्षण संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ऑनलाइन चार्टरची मुलं आणि आधी तसेच मार्क असलेली साध्या सरकारी शाळेतली मुलं अशी तुलना केली, तर ऑनलाइनवाली वाचनात ७२ दिवसांच्या शिकण्याइतकी मागे आणि गणितात १८०, आणि शाळेचं अख्खं वर्षच १८० दिवसांचं धरलं होतं! २०२३ च्या अभ्यासातही गणितात १२४ दिवस निघाले. लोक म्हणतात तिथे मुळात मागे पडलेलीच मुलं येतात, येतात बरीच, पण तुलना सारख्या मुलांशीच होती ना.

आमच्याकडे गणिताचा लाइव्ह तास आठवड्यातून दोनदा, बाकी स्लाइड वाचायच्या नि क्विझ द्यायची, चुकली की परत द्यायची, प्रश्न तेच. लेक तिसऱ्या खेपेला १०० टक्के आणायची, डॅशबोर्डवर सगळं हिरवं, मी खूश. एप्रिलमध्ये पीएसएसए ही राज्याची परीक्षा द्यायला एका हॉटेलच्या हॉलवर नेलं, आणि निकालात गणित 'बिलो बेसिक', म्हणजे सगळ्यात खालची पातळी. एका रविवारी ओट्यापाशी बसवून विचारलं, तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश, तर म्हणे "सारखेच, दोन्हीत एकच कमी आहे ना". पोटात गोळा आला माझ्या. क्विझचे पर्याय पाठ झाले होते, अपूर्णांक आलेच नव्हते.

'लर्निंग कोच' म्हणून पालकांचं नाव लागतं ते नुसतं नावाला नसतं, शिकवणं जवळजवळ आपल्यावरच येतं. घरात दिवसभर मोठं माणूस असेल, किंवा मूल आजारी असेल, तर चांगलं चाललेलं मी पाहिलंय. तुम्ही दोघं ऑफिसात, मुलगा १२ वर्षांचा, मी तरी घालणार नाही.

आधी त्रासाची तक्रार प्रिन्सिपलला लेखी द्या, तोंडी नको. मग तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) स्वतःचा सायबर प्रोग्राम आहे का विचारा, त्यातून वर्गात परत यायला सोपं जातं. तरीही चार्टरच हवी असेल तर 'फ्यूचर रेडी पीए इंडेक्स' या राज्याच्या वेबसाइटवर त्या शाळेचे गणिताचे निकाल बघा आणि फोन करून आठवड्याला गणिताचे लाइव्ह तास किती ते विचारा. आकडा कळला की इथे टाका, मग पुढचं बोलू.