जन्म झाला त्या शहरात बऱ्याच वर्षांनी सुट्टीत, पाहुण्यासारखं गेल्यावर कसं वाटतं?

तुम्ही लिहिलंय की जन्म पणजीचा, पण गाव लहानपणीच सुटलं आणि आता मुलांना घेऊन चार दिवस जायचा विचार आहे. माझंही अगदी हेच. गेल्या वर्षी जाऊन आलो, म्हणून लिहितो.

पहिला झटका हॉटेलच्या काउंटरवर बसतो. "फर्स्ट टाइम गोवा, सर?" आधार कार्डावर पत्ता पुण्याचा, मग वाद कसला घालणार? पणजी सोडल्यावर गोव्यात येणं व्हायचं ते चवथीला, म्हणजे गणपतीत, फोंड्याला मावशीकडे. पणजीत पैसे मोजून राहायची वेळ कधी आली नव्हती.

माझा जन्म १९७८चा, कांपालच्या जुन्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातला. पोर्तुगीजांनी १८४२मध्ये काढलेलं वैद्यकीय विद्यालय, तेच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झालं. हॉस्पिटल बांबोळीला गेलं आणि २००४पासून त्या आवारात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. लेकीला म्हटलं, बाबा इथे जन्मला. तिने पोस्टरं लावायच्या लोखंडी सांगाड्यांकडे बघून विचारलं, "थिएटरमध्ये?" तिथूनच आईला फोन लावला. तिला इमारतीचं काही पडलेलं नव्हतं. "नदी दिसते का रे अजून? मला खाटेवरून दिसायची." दिसते, म्हटलं, पण मध्ये कॅसिनोची जहाजं उभी आहेत. यावर ती गप्प झाली आणि मग जेवलात का म्हणून विचारलं.

आमचं भाड्याचं घर पणजीच्या माळा या भागात, मारुतीच्या देवळाखालच्या गल्लीत. घर आहे, रंग नवा आहे, राहणारे वेगळे. बेल वाजवायचा धीर झाला नाही. शेजारच्या फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीत तर भिंतीभिंतीपाशी फोटो चाललेले. एका मुलीने मला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं, तिच्या फ्रेममध्ये येत होतो म्हणून. ज्या कोपऱ्यावर आम्ही गोट्या खेळलो, तिथून हुसकावला गेलो! राग आला, पण आमच्या पोरीचेही दहा-बारा फोटो तिथलेच आहेत, तेव्हा बोलायला तोंड नाही.

खरा आनंद कुठे मिळाला सांगू? मांडवी नदीपलीकडच्या बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत. ५ जुलै १९८६ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. बाबा म्हापशाला नोकरीला, त्यामुळे नवा पूल होईपर्यंत त्यांचं जाणं-येणं फेरीनेच. सुट्टीच्या दिवशी मी हट्टाने सोबत जायचो, नुसता पलीकडे जाऊन परत. आता शेजारून पूल जातात, २०१९पासून अटल सेतूही आहे, तरी फेरी चालूच. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. साखळ्या खडखडत लोखंडी फळी धक्क्यावर आपटते, स्कूटरवाले ती पुरती टेकायच्या आत पुढे सरकतात, डिझेलचा वास आणि खाऱ्या पाण्याचा वास एकत्र नाकात जातो. बायको म्हणाली, पोहोचलो, उतरा. मी म्हटलं, उतरायचं नाही, परत जायचंय.

तुम्हाला सांगणं एवढंच की डिसेंबर टाळा, गर्दीत तुमचं गाव तुम्हाला सापडणार नाही. पावसाळ्यात जा. गाडी हॉटेलवर ठेवून चाला, पणजी चालण्याएवढीच आहे. जुनं घर बघायचं असेल तर एकटे जा. मुलांना दोन मिनिटांत कंटाळा येतो आणि मग आपली चिडचिड होते. कोंकणी गंजली असेल तरी बोला.

शेवटच्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा माळ्यावर गेलो. सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत आला. मोडक्यातोडक्या कोंकणीत पोयी, म्हणजे कोंड्याचे पाव, मागितल्या. त्याने वर-खाली पाहिलं. "खंयचो?" कुठला म्हणून. म्हटलं, "हांव हांगाचोच." मी इथलाच. मग कुठे उतरलो ते विचारलं, तेही सांगितलं. टोपलीवरचं प्लास्टिक सारत तो म्हणाला, "हांगाचो जाल्यार हॉटेलांत कित्याक रे?"

पाच पोयी घेतल्या. खोलीत पलंगावर पेपर पसरून, हॉटेलच्या डिप-डिप चहाबरोबर खाल्ल्या.