पन्नाशीनंतर दारू घेतली की लघवी आवरत नाही. दारू सोडली तर हे थांबेल का?

वय ५४, आठवड्यातून दोन-तीनदा दोन पेग, आणि त्याच रात्री बाथरूम गाठेपर्यंत कपडे ओले, असं तुम्ही लिहिलंय. दारू सोडलीत तर त्रास बहुधा कमी होईल. पूर्ण थांबेलच असं नाही, कारण दारू बऱ्याचदा आधीपासूनचा कमकुवतपणा उघडा पाडते.

शरीरात पाणी रोखून धरायला मूत्रपिंडाला सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अल्कोहोलमुळे दबतं. ढोबळमानाने एक ग्रॅम अल्कोहोलमागे १० मिली जास्तीची लघवी तयार होते. ३० मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे दोन पेगांची २०० मिली, वर सोडा-पाणी वेगळं. मूत्राशयाला १५०-२०० मिलीलाच पहिली जाणीव होते. ते झपाट्याने भरतं, मेंदू सुस्तावल्यामुळे इशारा उशिरा कळतो आणि पायही जड झालेले असतात. वयानुसार शरीरातलं पाणी घटतं, म्हणून पूर्वीइतकीच दारू आता जास्त चढते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन मूत्रमार्गाचं अस्तरही पातळ झालेलं असतं.

आधी तीन दिवसांची नोंद ठेवा, त्यात दारूचा निदान एक दिवस आणि बिनदारूचा एक हवा. काय प्यायलात, किती मिली, किती वाजता. प्रत्येक लघवी मापाच्या मगमध्ये मोजून. कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतात. बिनदारूच्या दिवशीही १००-१५० मिलीलाच घाई होत असेल तर मूत्राशय चिडखोर आहे. खोकताना, शिंकताना गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल आहेत. दोन्ही एकत्र असणंही सर्रास दिसतं. ही नोंद डॉक्टरांकडे न्या, निम्मं काम तिथेच होतं.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम असा: वायू रोखताना जे आवळतो तेच आत-वर खेचा, शक्यतो काही सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. असे ८, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास कोंडला किंवा पोट, नितंब ताठरले तर चुकतंय. लघवीची धार मध्येच तोडून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागू शकते. घाई आली की पळू नका. थांबा किंवा बसा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, लाट ओसरली की चाला. धावण्यानेच अनेकींचं सुटतं.

दारू घ्यायचीच असेल तर शेवटचा घोट झोपेच्या तीन तास आधी, आणि मिसळायला कोला नको, त्यातलं कॅफीन भर घालतं. झोपण्याआधी दोनदा लघवी करा: एकदा झाली की थोडं पुढे झुकून पुन्हा प्रयत्न. पाणी मात्र तोडू नका. दाट लघवी मूत्राशयाला चिडवते आणि बद्धकोष्ठही वाढतो.

झोपेच्या गोळ्यांवर दारू नकोच. मूत्राशयाच्या काही गोळ्यांसोबतही गुंगी वाढते, आणि रात्रीच्या अंधारात बाथरूमकडे जाताना पडून माकडहाड नाहीतर खुबा मोडतो. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

लघवीत रक्त, जळजळ, ताप असेल तर व्यायामात वेळ घालवू नका, तपासून घ्या. लघवी अडली, किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आणि पायात अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.