सबवूफर फडफडतोय, सगळंच बदलायचं का?

प्रश्न : माझ्याकडे जुनी एसयूव्ही आहे, डिकीतला कंपनीचा सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) बेस वाढवला की फाटल्यासारखा फडफडतो. दुकानदार म्हणतो अ‍ॅम्पसकट (आवाजाला पॉवर देणारा अ‍ॅम्प्लिफायर) सगळं बदला. नुसता वूफर बदलून चालेल का?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : चालेल की! पण आधी घोडबंदरच्या खड्ड्यांनी डिकीचं पॅनल सैल झालंय का ते हाताने दाबून बघा, अर्धी फडफड तिथलीच निघते. मग जाळी काढा, कोनच्या (वूफरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या) कडेचा फोम आपल्याकडच्या दमट हवेत हळूहळू कुजतो, नुसता तोच गेला असेल आणि कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) शाबूत असेल तर रिपेअरवाला फोम बदलून देतो, नवीन वूफर घ्यायची गरजच नाही.

कॉइल गेली असेल तर मात्र वायर सुटी करून मल्टिमीटर लावा, कारण खरी मेख ओहममध्ये, म्हणजे वूफरच्या विजेला होणाऱ्या रोधात आहे. कंपनीचे वूफर बऱ्याचदा २ ओहमचे असतात (मीटरवर थोडं कमीच दिसतं), त्याजागी बाजारातला ४ ओहमचा टाकला तर अ‍ॅम्पची पॉवर साधारण निम्मीच मिळते आणि मग लोक वूफरला शिव्या घालतात. उलट कमी ओहमचा लावलात तर अ‍ॅम्प तापून जळू शकतो. जळालेल्या कॉइलचं रीडिंग भरवशाचं नसतं, तेव्हा मागचं लेबलही वाचा. साइजसोबत खोलीही मोजा, नाहीतर मॅग्नेट बॉक्सला टेकेल.

अ‍ॅम्पच गेला असेल तर सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब (ज्याच्या आतच अ‍ॅम्प असतो) बघा, फक्त त्याच्या पॉवर वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावून घ्या.