मांजराच्या शीचा वास बदललाय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमधून आणलेलं आमचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे. खातं-खेळतं, पण शी पातळ, चिकट आणि वास इतका की त्या खोलीत बसवत नाही. जंताचं औषध दोनदा दिलं, फरक नाही. (डोंबिवली)

पिल्लू खेळतंय हे चांगलं आहे, पण हे दुखणं अंगावर काढू नका. पातळ, तेलकट, शेंबडासारखी चिकट आणि कुजकट वासाची शी म्हटली की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते जिआर्डियाचं. हा एकपेशीय परजीवी लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो. मग अन्नातला स्निग्ध भाग नीट शोषला जात नाही, तो तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि तो वास सुटतो. गोल जंतांसाठी दिलं जाणारं नुसतं पायरँटेल याच्यावर चालत नाही, त्यामुळे तुम्ही दोनदा काय, चारदा दिलं असतंत तरी फरक पडला नसता.

मायक्रोस्कोपखाली ताज्या शीचा थेंब ठेवला की कधी कधी हा जिवंत दिसतो. नासपतीच्या आकाराचा, दोन केंद्रकं डोळ्यांसारखी, आणि झाडावरून पान हेलकावत खाली यावं तसा तरंगणारा. पण तो रोज सापडत नाही, कारण रोज शीतून बाहेर पडत नाही. म्हणून एका नमुन्यात काही निघालं नाही तरी निर्धास्त होऊ नका. दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासून घ्या. सुपारीएवढी ताजी शी पुरते. कोरड्या स्वच्छ डबीत घ्या, शीच्या ट्रेमधल्या लिटरचे खडे शक्यतो येऊ देऊ नका आणि काही तासांत पोहोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उपचार चालू असताना ट्रे रोज धुऊन कडक उन्हात वाळवा आणि पिल्लाचा मागचा भागही धुवा, नाहीतर स्वतःला चाटूनच ते पुन्हा आजारी पडतं.

एक मात्र लक्षात ठेवा. हेच पिल्लू मलूल झालं, खाणं सोडलं, उलट्या लागल्या किंवा शीत रक्त दिसलं, तर नमुन्यात वेळ घालवू नका. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य आजार असू शकतो आणि लस न झालेलं पिल्लू त्यात एक-दोन दिवसांतही दगावतं. तसंच्या तसं उचलून दवाखाना गाठा.

प्रश्न : दूध प्यायल्यावर बोक्याच्या शीला आंबूस वास येतो. पाणी घालून द्यावं का? (सातारा)

नको, दूधच बंद करा. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, ती आतड्यात आंबते. त्याला पाणी हवं, दूध नको.

प्रश्न : आमची मनी रोज मासेच खाते. तिच्या शीला माशांचा वास येतो, तो चालायचाच ना? (रत्नागिरी)

शी घट्ट आणि तपकिरी असेल तर त्या वासाची काळजी करू नका. पण मनी मांडीवर बसून उठली आणि तुमच्या कपड्यांना सडक्या माशाचा वास राहिला, तर तो वास शीचा नाही. गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी, दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या तुंबल्या की असा वास येतो, मांजर बूड फरशीवर घासतं, सारखं मागे चाटतं. घरी पिळायला जाऊ नका, डॉक्टरांकडून मोकळ्या करून घ्या.

मला काळजी तुमच्या ‘मासेच’ या शब्दाची वाटते. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. त्याने मांजराची मान खाली झुकते, तोल जातो. नुसत्या तेलकट माशांवर ठेवलेल्या मांजरात ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, उचललं तरी ते कळवळतं. मासे शिजवून, काटे काढून आणि अधूनमधूनच द्या. बाकी मांजरांसाठीचा संपूर्ण आहार ठेवा, आणि हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

प्रश्न : मांजरी बारा वर्षांची आहे. हल्ली दुप्पट खाते, तरी वाळत चालली आहे. शी खूप आणि फार घाण वासाची. (पुणे)

म्हातारपणी भूक वाढली की घरच्यांना बरं वाटतं, आणि तिथेच महिनेच्या महिने निघून जातात. भरपूर खाऊन वजन घटणं हे थायरॉइड वाढल्याचं नेहमीचं लक्षण आहे. अन्न आतड्यातून भराभर पुढे सरकतं, अर्धवट पचलेलंच बाहेर पडतं. रक्ताची टी-फोर, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, तपासणी करून घ्या. ती ठीक आली तर आतड्याची सूज, लिम्फोमा हा कर्करोग आणि क्वचित स्वादुपिंडाचा दोष, या दिशेने शोधावं लागेल. आजच तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि फरक लिहून ठेवा.

प्रश्न : बोका लंगडत होता म्हणून घरातली दुखण्यावरची गोळी पाव दिली. आज शी डांबरासारखी काळी आहे, उग्र वास येतो. (ठाणे)

हे वाचत असाल तर आधी निघा. अशी काळी, चिकट शी म्हणजे बहुधा जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव होऊन ते रक्त पचून आलेलं असतं. ओल्या पांढऱ्या टिश्यूवर थोडी ठेवली तर कडेने तांबूस डाग पसरतो. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने जठराला जखमा होतात, मूत्रपिंडंही जाऊ शकतात. पॅरासिटामॉलचं विष उतरवून ते बाहेर टाकणं तर मांजराच्या यकृताला नीट जमतच नाही. पाव गोळीही जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसल्या, श्वास लागला, तर एक मिनिटही थांबू नका. घरी उलटी करवू नका. गोळीचं पाकीट बरोबर घ्या आणि किती वाजता दिली ते डॉक्टरांना सांगा.