परवाना कशासाठी?

प्रश्न : अमेरिकेत केशकर्तनासाठीही राज्याचा परवाना लागतो, असे भाचीने कळवले. याचा अभ्यास कोणी करते का?

उत्तर : होय. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील नी सेंटर हे संशोधन केंद्र याच विषयावर काम करते, तर मिनेसोटा विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ मॉरिस क्लायनर कित्येक वर्षे अशा परवान्यांचे प्रमाण आणि परिणाम मोजत आले आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकेत सुमारे ५ टक्के कामगारांना परवाना लागे. आता प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे. परवान्यामुळे ग्राहकाचे रक्षण होते की नव्या माणसाची वाट अडते, हा त्यांचा मुख्य प्रश्न. लुइझियाना राज्यात तर २०१० पर्यंत फुले विकू इच्छिणाऱ्याला परीक्षकांसमोर पुष्परचना करून दाखवावी लागे आणि परीक्षक असत आधीच परवाना मिळवलेले फुलविक्रेते, म्हणजे उद्याचे प्रतिस्पर्धीच! डॉक्टरांच्या परवान्याची गोष्ट अर्थात वेगळी आहे.