मोर्चाला जाण्याआधी: ‘नो किंग्ज’बद्दल वाचकांचे प्रश्न

अध्यक्ष ट्रम्प यांचा कारभार एकाधिकारशाहीकडे झुकतो आहे, असं मानणाऱ्यांनी २०२५ मध्ये ‘नो किंग्ज’ या नावानं अमेरिकाभर मोर्चे काढले. १४ जूनला आणि मग १८ ऑक्टोबरला. तिथं राहणाऱ्या वाचकांनी विचारलेले चार प्रश्न इथं घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही अमेरिकेचे नागरिक आहोत आणि मोर्चाला जातो. भाचा एफ-१ व्हिसावर शिकतो. त्यालाही यायचं आहे. न्यावं का?

शांततेनं जमण्याचा आणि बोलण्याचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनं दिला आहे आणि तो फक्त नागरिकांपुरता नाही. पण हक्क असणं वेगळं आणि व्हिसा सुरक्षित असणं वेगळं. २०२५ च्या वसंतात कॅम्पसवरच्या आंदोलनांशी संबंध जोडून काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींना ताब्यातही घेतलं गेलं. त्याच वर्षीच्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. तेव्हा निर्णय त्याचा त्यानं घ्यावा आणि आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं. मामा-मामींनी आग्रह करू नये.

त्याच्यासाठी खरा धोका अटकेचा आहे. आरोप मागे घेतला गेला तरी व्हिसाच्या अर्जात अटकेबद्दलचा प्रश्न असतोच आणि त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं. गेलाच तर कडेला राहावं, रस्ता अडवणाऱ्यांत बसू नये आणि पोलिसांनी पांगायला सांगितलं की लगेच निघावं. अठरा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीनं नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्याच्या बाबतीत आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद. वकिलाचा नंबर दंडावर न पुसल्या जाणाऱ्या पेनानं लिहावा, कारण फोन काढून घेतला की अंगावर लिहिलेला किंवा पाठ असलेला नंबरच उपयोगी पडतो. चेहऱ्यानं किंवा बोटानं उघडणारं लॉक बंद करून आकड्यांचा पासकोड ठेवावा. अटक झाल्यावरही फोन तपासायला पोलिसांना वॉरंट लागतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. अडवलं तर ‘मी जाऊ शकतो का?’ एवढं विचारावं. ‘नाही’ म्हणाले, तर ‘मला गप्प राहायचं आहे, वकील हवा आहे’ हे स्पष्ट बोलावं आणि पुढे खरंच गप्प राहावं. दोन वाक्यं बोलून पुन्हा खुलासे करत बसणारे अडकतात. भारतीय दूतावासाला कळवण्याची मागणीही त्याला करता येते.

प्रश्न: आमच्या छोट्या गावात दीडशे लोक फुटपाथवर उभे राहणार आहेत. परमिट लागेल का?

पायी जाणाऱ्यांची आणि गाड्यांची वाट न अडवता फुटपाथवर उभं राहायला सहसा लागत नाही. रस्ता बंद करायचा असेल, लाउडस्पीकर लावायचा असेल किंवा बागेत मोठी सभा घ्यायची असेल, तर बहुतेक ठिकाणी लागतं. नगरपालिकेच्या क्लार्ककडे नियम लेखी मागा. फलकांच्या काठीची जाडीही काही शहरांनी ठरवून दिलेली असते. विरोधक गोंधळ घालतील, बंदोबस्त वाढवावा लागेल, म्हणून तुमच्याकडून जास्त फी घेता येत नाही. हे १९९२ मध्येच सर्वोच्च न्यायालयात ठरलं आहे.

परमिटपेक्षा स्वयंसेवकांची काळजी जास्त करा. १४ जूनला सॉल्ट लेक सिटीत एका सुरक्षा-स्वयंसेवकानं रायफलधारी माणसाच्या दिशेनं गोळ्या झाडल्या, त्यातली एक मोर्चातल्या तिसऱ्याच माणसाला लागली आणि त्याचा जीव गेला. परवान्याचं असलं तरी हत्यार नको, हा नियम स्वयंसेवकांनाही तितकाच लागू करा. त्यांना ठळक रंगाचे जॅकेट द्या, जोडी-जोडीनं उभं करा, चौकात आणि दोन्ही टोकांना माणूस ठेवा. कुणी डिवचायला आलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. दोघांनी त्याच्याकडे पाठ करून मध्ये उभं राहायचं आणि आपल्याच लोकांना पुढे चालत ठेवायचं. डिवचणाऱ्याला प्रेक्षक मिळाले नाहीत की भांडण पेटत नाही. याची तालीम आदल्या दिवशी प्रत्यक्ष उभं राहून घ्या, नुसत्या सूचना वाचून ते अंगवळणी पडत नाही.

प्रश्न: अश्रुधुरावर दूध किंवा व्हिनेगरचा रुमाल चालतो का?

दोन्ही नको. दूध निर्जंतुक नसतं आणि व्हिनेगरनं आग वाढते. अश्रुधूर ही मुळात हवेत उडवलेली बारीक पूड असते, म्हणून ती कपड्यांना चिकटते आणि खाली साचते. वारा जिकडून येतो त्या बाजूला, उंचावर जा. डोळे चोळू नका. दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स घरीच ठेवा, तेलकट क्रीमही लावू नका. टी-शर्ट डोक्यावरून ओढण्यापेक्षा कापून काढलेला बरा.

प्रश्न: ‘साडेतीन टक्के लोक रस्त्यावर आले की सत्ता जाते’ हे खरं का? आणि गर्दी मोजतात कशी?

हा आकडा राज्यशास्त्राच्या अभ्यासक एरिका चेनोवेथ यांच्या अभ्यासातला. १९०० ते २००६ मधल्या आंदोलनांत एवढा सहभाग गाठणारी जवळपास सगळी यशस्वी झाली, असं त्यात दिसलं. पण ती राजवट उलथवण्याची किंवा स्वातंत्र्याची आंदोलनं होती. शिवाय ब्रुनेई आणि बहारीन हे अपवाद चेनोवेथ यांनीच पुढे नोंदवले. अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३४ कोटी, म्हणजे साडेतीन टक्के होतात एक कोटी १९ लाख. ऑक्टोबरचा आयोजकांचा आकडा सुमारे ७० लाख, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. आमच्या मते या आकड्याकडे लक्ष्य म्हणून बघू नये. गर्दी जमली आणि दुसऱ्या दिवशी पुढचं काम कुणाकडेच नसलं, तर टक्के काही करत नाहीत.

मोजणी सोपी आहे. उभ्या गर्दीसाठी जागेचं क्षेत्रफळ काढा. सैल गर्दीत माणशी दहा चौरस फूट धरतात, दाट गर्दीत साडेचार. शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद रस्ता सैल भरला तर चारशे माणसं, दाट भरला तर नऊशेच्या जवळ. झाडं, स्टॉल, मोकळे कोपरे वजा करा. तिथंच आकडे फुगतात. चालत्या मोर्चासाठी एका जागी थांबून दर पाच मिनिटांनी मिनिटभर समोरून जाणारी माणसं मोजा आणि त्यांच्या सरासरीला एकूण मिनिटांनी गुणा. दुसरा मोजणारा मार्गाच्या शेवटाजवळ ठेवा, कारण लोक मध्येच सामील होतात आणि मध्येच निघूनही जातात.